पुसता येणारी पाटी : घरच्या घरी, कमी पैशात पांढरा फळा कसा करायचा

मी बोलतोय कळंबहून. धाराशिव जिल्ह्यातलं कळंब नव्हे बरं का, आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं, चिंतामणीचं कळंब. आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. लिहून पुसता येणारी पाटी, पांढरा फळा, लिहिता येईल अशी भिंत, हे सगळं घरच्या घरी आणि कमी पैशात कसं करायचं, एवढंच. हा भाग ऐकून बऱ्याच जणांना मापं आणि कृती पुन्हा बघावी लागणार, म्हणून जसा बोललो तसाच, थोडा नीटनेटका करून इथे लिहून देतोय.

सुरुवात एका वजाबाकीपासून करतो, कारण हा सगळा उद्योग तिथूनच सुरू झाला.

माझ्या घराच्या ओसरीवर संध्याकाळी गल्लीतली अकरा लेकरं अभ्यासाला बसतात. चौथी ते सहावीची. ही शिकवणी नाही, फी नाही. आपापला अभ्यास करतात, अडलं तर मी सांगतो. दुकानातून आणलेला एक दोन बाय तीन फुटांचा पांढरा फळा होता. पद्धत आपल्या सगळ्यांची असते तीच. एकाला उठवायचं, फळ्यावर गणित करायला लावायचं, बाकीच्यांनी बघायचं. एक दिवस ५२ वजा २७ दिलं. एका मुलाने हातचा घेऊन झटकन २५ लिहिलं. मी विचारलं, "समजलं का सगळ्यांना?" सगळे एका सुरात "होऽऽ". वह्या बघितल्या, सगळ्यांच्या वहीत २५. मी खूश. पुढचा धडा.

पंधरा दिवसांनी मी घरी केलेल्या छोट्या पाट्या पहिल्यांदा वाटल्या. प्रत्येकाला एक. म्हटलं, गणित मी तोंडी सांगतो, आपापल्या पाटीवर लिहा, पाटी छातीशी धरा, मी "दाखवा" म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करा. सहज म्हणून तेच जुनं ५२ वजा २७ सांगितलं. "दाखवा." अकरा पाट्या वर आल्या आणि त्यातल्या सहांवर ३५ लिहिलेलं.

आता ३५ का आलं ते बघा. एकक स्थानी २ मधून ७ जात नाहीत, म्हणून लेकरांनी उलटं केलं, ७ मधून २ काढले, ५ राहिले. दशक स्थानी ५ मधून २ गेले, ३ राहिले. झाले ३५. म्हणजे ही निष्काळजीपणाची चूक नाही. "मोठ्यातून लहान वजा करायचा" असा नियम त्यांनी मनाशी पक्का केला होता आणि तो नियम ते इमानदारीने पाळत होते. मी पाचवीतल्या एका मुलीला विचारलं, "अगं, वहीत तर तुझं बरोबर होतं ना?" ती म्हणाली, "सर, मी त फळ्यावरचं पाहून लिवलं होतं."

म्हणजे पंधरा दिवस अर्ध्याहून जास्त लेकरांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एका फळ्यावर एकच लेकरू दिसतं. अकरा पाट्यांवर अकरा लेकरं दिसतात. आजच्या भागातली खरी गोष्ट ही आहे. बाकीचं सुतारकाम.

आणि सुतारकाम करावं लागलं कारण दुकानात छोटे पांढरे फळे अकरा घ्यायचे म्हटलं तर खिसा ऐकत नाही. तर आता कृतीकडे वळू. पण त्याआधी एक तत्त्व समजून घ्या. ते कळलं की कुठलंही टाकाऊ सामान हातात घेतल्यावर तुम्हाला स्वतःलाच कळेल, यावर लिहिता येईल की नाही.

खडूला खरखरीत, मार्करला गुळगुळीत

खडूने लिहितो म्हणजे आपण काय करतो? खडू घासतो. खडू म्हणजे दाबून कांडी केलेली मऊ पांढरी पूड, आपल्याकडे बहुतेक जिप्समची. ती पूड निघून पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये अडकते. म्हणून काळा फळा थोडा खरखरीत असावा लागतो. जुना फळा गुळगुळीत, चमकदार झाला की त्यावर खडू सरकतो, उमटत नाही. शाळेत फळ्यावर उजेड पडला की काहीच दिसायचं नाही, आठवतंय? तो फळा घासून घासून गुळगुळीत झालेला असायचा.

पांढऱ्या फळ्याच्या मार्करचं बरोबर उलटं. त्या शाईत चार गोष्टी असतात. रंगाची पूड, ती पूड धरून ठेवणारं थोडं राळेसारखं द्रव्य, लवकर उडून जाणारं अल्कोहोलसारखं द्रावण आणि एक तेलकट पदार्थ. लिहिल्यावर द्रावण उडून जातं. रंग वर राहतो, पण तो तेलकट पदार्थ त्याला पृष्ठभागाला घट्ट चिकटू देत नाही. रंगाची पातळ साय नुसती वर बसून राहते आणि फडक्याने निघते. पण हे कधी? पृष्ठभागाला छिद्रं नसतील तेव्हाच. बारीक छिद्रं असली की शाई आत उतरते आणि मग कितीही घासा, डाग राहतो.

तर नियम असा. खडूला छिद्रं हवीत, मार्करला छिद्रं नकोत. कागद, कच्चं लाकूड, चुन्याची भिंत, पुठ्ठा, यांवर मार्कर चालणार नाही. काच, चकचकीत टाइल, सनमायका, लॅमिनेशन केलेला कागद, यांवर चालेल.

कुठलाही नवीन पृष्ठभाग वापरायच्या आधी दोन परीक्षा घ्या. पहिली थेंबाची. पाण्याचा थेंब टाका. थेंब पसरून आत मुरला तर तो नापास. मण्यासारखा वर उभा राहिला तर पुढे जा. दुसरी रात्रीची. एका कोपऱ्यात, नजरेत येणार नाही अशा जागी, मार्करने रेघ ओढा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. लगेच पुसलेली रेघ बहुतेक ठिकाणी निघते. खरी परीक्षा रात्र काढलेल्या रेघेची असते.

ही दुसरी परीक्षा मी घेतली नाही आणि फसलो. सांगतो.

माझे दोन फसलेले प्रयोग

पहिला प्रयोग भिंतीचा. वाटलं, ओसरीची भिंत पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवून टाकू, सगळी भिंतच फळा. घरी उरलेला डबा होता. प्लास्टर नीट घासलं नाही, लांबी भरली नाही, सरळ दोन हात मारले. दिसायला छान चकचकीत. पहिल्या दिवशी लिहिलं, पुसलं, निघालं. लेकरं खूश. चार दिवसांनी भिंत निळसर-राखाडी झाली. रंगाच्या थरात बारीक छिद्रं होती आणि प्लास्टरचे उंचवटे तसेच होते. शेवटी शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "काहून बाप्पा, भिंतीवर लेकरं बसवली का काय?" ती भिंत परत रंगवावी लागली. फुकटचा फळा महागात पडला.

दुसरा प्रयोग फ्लेक्सचा. निवडणुका, वाढदिवस, बारसं, काही झालं की आपल्याकडे फ्लेक्स लागतो. उतरवलेल्या फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. वाटलं, सोन्यासारखं सामान आहे. पण फ्लेक्स आणि टेबलावर टाकायचं मऊ पारदर्शक प्लास्टिक, या दोन्हींची अडचण एकच. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायन मिसळलेलं असतं आणि शाईचा रंग हळूहळू त्यात मुरतो. लगेच पुसलं तर बरं, तासभर राहिलं तर सावली उमटते. एखाद्या दिवसाच्या कार्यक्रमाला ठीक आहे, रोजच्या वापराला नाही.

आता जे जमलं ते सांगतो. कमी खर्चापासून वरच्या खर्चापर्यंत.

एक : लॅमिनेशनची पाटी

सगळ्यात सोपी. ए-फोर मापाचा पांढरा कागद घ्या, थोडा जाड असला तर उत्तम. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घ्या. लॅमिनेशनच्या फिल्मची बाहेरची बाजू पॉलिएस्टरची असते. ती कडक आणि बिनछिद्राची असते, त्यामुळे मार्कर छान पुसला जातो.

एक काळजी घ्या. कागदाच्या चारही बाजूंना प्लास्टिकची चार-पाच मिलिमीटर कड राहू द्या. दुकानदार सफाईसाठी कागदाला लागून कापतो, मग कडेने पाणी आत शिरतं आणि कागद फुगतो.

या पाटीची खरी मजा अशी की आतल्या कागदावर तुम्हाला हवं ते आधी छापता येतं. एका बाजूला कोरी जागा, दुसऱ्या बाजूला शतक-दशक-एककाचे रकाने. किंवा चौकटीचा कागद. किंवा इंग्रजी लिहायच्या चार रेघा. किंवा महाराष्ट्राचा कोरा नकाशा, त्यात जिल्हे भरायचे आणि पुसायचे. रेघा आत राहतात, फक्त लिहिलेलं पुसलं जातं. हातात वाकू नये म्हणून मागे जुन्या वहीचा पुठ्ठा चिमट्याने लावा.

लॅमिनेशनचेही पैसे नको असतील तर कागदपत्रं ठेवायची कडक पारदर्शक फाइल घ्या आणि आत पांढरा कागद सरकवा. ही तात्पुरती. तिच्यावर ओरखडे लवकर पडतात.

दोन : सनमायकाची पाटी

माझ्या त्या अकरा पाट्या या प्रकारच्या. सनमायका हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपण सगळ्याच लॅमिनेट शीटला सनमायका म्हणतो. कागदाचे थर राळेत भिजवून, तापवून, दाबून ही शीट बनते आणि वरचा थर मेलामाइनचा असतो. तो कठीण आणि बिनछिद्राचा. सामान घेताना "पांढरी, चकचकीत" असं स्पष्ट सांगा. खरखरीत किंवा मॅट घेतली तर मार्कर नीट निघत नाही.

पूर्ण शीट आठ बाय चार फुटांची येते. म्हणजे ३२ चौरस फूट, म्हणजेच एक फूट बाय एक फुटाचे ३२ तुकडे. आमच्याकडे साधी पांढरी शीट हजार रुपयांच्या आसपास मिळाली. तुमच्या गावात दर कमी-जास्त असेल. म्हणजे एका तुकड्याला तीस-बत्तीस रुपये.

पण मी पूर्ण शीट घेतलीच नाही. ओळखीच्या सुतारदादांकडे गेलो तर ते म्हणाले, "पाटीच बनवाची आहे त मंग कटपीस न्या ना भाऊ. नवी शीट काहाले फोडता?" फर्निचरच्या कामात शीटचे तुकडे उरतात, प्लायवूडचेही उरतात. ते पोतंभर तुकडे मला चहाच्या पैशात मिळाले. तुमच्या गावात फर्निचरचं काम जिथे चाललं असेल तिथे आधी विचारा, मग दुकानात जा.

कृती अशी.

शीटचा तुकडा सरळ पट्टीखाली धरा आणि चकचकीत बाजूने लॅमिनेट कटरने तीन-चार वेळा खोल रेघ ओढा. रेघेवर पट्टी दाबून धरून मोकळी बाजू वर उचला. कट्कन तुटते. करवतीने कापू नका, कडा उडतात.

मागे आधार म्हणून चार किंवा सहा मिलिमीटरचं प्लायवूड त्याच मापाचं कापा. दोन्हीची धूळ फडक्याने पुसा. फेव्हिकॉल पातळ आणि सगळीकडे सारखा पसरा, ढीग नको. शीट बसवा, वर सपाट फळी ठेवा आणि त्यावर वजन ठेवून रात्रभर राहू द्या. माझ्याकडे पायलीभर ज्वारीचे दोन डबे कामी आले.

इथे मी परत एक चूक केली. पहिल्या दोन पाट्यांना एकाच बाजूने सनमायका लावली. चार दिवसांत त्या पापडासारख्या वाकल्या. सुतारदादा हसले, "एका बाजूनं लावलं त वाकनच ते. दोन्हीकून लावा." प्लायवूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. एक बाजू बंद आणि एक उघडी असली की ते एका अंगाला ओढलं जातं. दोन्ही बाजूंनी सनमायका असली की ताण सारखा राहतो. शिवाय पाटी दोन्हीकडून लिहायला मिळते. म्हणजे पूर्ण शीट घेतली तर तिच्यात १६ दुहेरी पाट्या होतील, हे धरून हिशोब करा.

शेवटी कडा. सनमायकाची ताजी कड ब्लेडसारखी असते. पॉलिश पेपरने चारही कडा आणि कोपरे गोल करा, मग कडेने कापडी चिकटपट्टी लावा. लेकरांच्या हातात द्यायची वस्तू आहे, ही पायरी गाळू नका.

तीन : टाइल आणि काच

स्वयंपाकघरात ओट्यामागे पांढऱ्या चकचकीत टाइल्स असतील तर तुमच्याकडे फळा आधीपासूनच आहे. टाइलचा वरचा थर काचेसारखाच असतो. दुधाचा हिशोब, किराण्याची यादी, गॅसची तारीख तिथेच लिहा. फक्त दोन टाइल्सच्या मधल्या सांध्यावर शाई जाऊ देऊ नका, तो भाग शाई पितो.

जुन्या फोटोफ्रेमच्या काचेमागे पांढरा कागद घातला की उत्तम फळा होतो. काच हा या सगळ्यांत चांगला पृष्ठभाग, वर्षानुवर्षं डाग धरत नाही. पण ती भिंतीवर, मोठ्यांच्या वापरापुरतीच. लेकरांच्या हातात काच नको.

चार : काळी भिंत

मोठी जागा हवी असेल आणि पैसे कमी असतील तर पांढऱ्याचा हट्ट सोडा. भिंतीला पांढरा फळा करणं अवघड, काळा फळा करणं सोपं. कारण वरचाच नियम. भिंत मुळात खरखरीत असते आणि खडूला तेच हवं.

रंगाच्या दुकानात फळ्याचा काळा रंग तयार मिळतो. भिंतीचा हवा तेवढा भाग पॉलिश पेपरने घासा, भेगा लांबीने भरा, वाळल्यावर परत घासा. एक हात प्रायमर. मग काळ्या रंगाचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. मध्ये पूर्ण वाळू द्या. दोन-तीन दिवस हात लावू नका. आणि लिहायच्या आधी खडू आडवा धरून सगळा फळा एकदा पांढरा करून पुसून काढा. खडूची पूड सगळीकडे सारखी बसते, नाहीतर पहिल्यांदा लिहिलेली अक्षरं कायमची पुसट दिसत राहतात.

उंची लेकरांची धरा, आपली नाही. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर पट्टा सुरू करा. ओसरीभर लांब, दोन फूट रुंद पट्टा काढला तर सात-आठ लेकरं एका वेळी उभी राहून लिहितात.

आमचा उन्हाळा, मार्कर आणि पुसणं

यवतमाळचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पारा ४५ च्या घरात जातो. उन्हात ठेवलेल्या फळ्यावरचं लिखाण भाजल्यासारखं पक्कं होतं. पाट्या सावलीत ठेवा आणि लिहिलेलं त्याच दिवशी पुसा. मार्करचं टोपण घट्ट लावा आणि मार्कर आडवे ठेवा, नाहीतर एक बाजू कोरडी पडते.

चालू खर्च पाटीचा नाही, मार्करचा असतो. हे मला उशिरा कळलं. अकरा लेकरं, अकरा मार्कर, महिन्यात निम्मे कोरडे. त्यावर तीन उपाय. शाई भरता येते असे मार्कर घ्या आणि शाईची बाटली वेगळी घ्या. दोघांत एक मार्कर द्या. किंवा साधे पाण्याचे स्केचपेन वापरा, चकचकीत पाटीवर ते उमटतात आणि ओल्या फडक्याने निघतात. आणि एखादी मॅट सनमायका हाती लागलीच असेल तर फेकू नका. तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहा. सुतार माप तसंच टाकतात. ओल्या फडक्याने पुसलं जातं आणि पेन्सिल महिनाभर पुरते.

पुसायला डस्टर नको, जुन्या बनियनचा तुकडा किंवा जोडी हरवलेला पायमोजा पुरे. पायमोजा हातात घातला की डस्टर, त्यातच मार्कर ठेवला की पिशवी.

कोणी चुकून पक्क्या मार्करने लिहिलं तर घाबरू नका. त्यावर पांढऱ्या फळ्याच्या मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. नव्या शाईतलं द्रावण जुनी शाई मोकळी करतं. तरी राहिलं तर कापसावर थोडं स्पिरिट किंवा सॅनिटायझर घ्या. भांडी घासायची घासणी मात्र कधीच नको. एकदा बारीक ओरखडे पडले की तिथे शाई बसायला लागते आणि फळा संपला म्हणून समजा.

हे काही नवीन नाही

ही कल्पना माझी नाही, हे सांगायला पाहिजे. पुसता येणारी जागा आपल्याकडे फार जुनी. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षरं काढायची, ती धूळपाटी. धुळाक्षरं गिरवणं हा शब्द तिथून आला. जुन्या गणितात आकडेमोडीला धूलिकर्म म्हणायचे. मग दगडी पाटी आली. आपल्यातले बरेच जण कोळसा आणि पाला घासून ती काळीभोर करायचे आणि दसऱ्याला तिच्यावर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायचे. प्रत्येकाची स्वतःची पाटी होती. वही स्वस्त झाली आणि पाटी मागे पडली.

दगडी पाटीला एक काळी बाजूही होती. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसात दगडाची धूळ जाऊन सिलिकोसिस व्हायचा. म्हणून ती पाटीच परत आणा असं मी म्हणत नाही. तिची सोय परत आणा, एवढंच म्हणतो.

१९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळ्यासह किमान साहित्य मिळावं, असा तिचा उद्देश होता. तो फळा शिक्षकाचा होता. फळा लेकरांचा झाला तो पुढे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. तिथे वर्गाची फरशीच लिहायची जागा झाली. राज्यभरातून शिक्षक ते बघायला गेले. जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला आणि गावोगावच्या शाळांत फरशीवर आखलेल्या चौकटी दिसू लागल्या. २०२० च्या टाळेबंदीत सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण घरोघरी मोबाइल नव्हते. ती वाचायची भिंत. कुमठ्याची फरशी ही लिहायची जागा. दोन्हींची गरज आहे, पण लेकराला काय येत नाही ते लिहायच्या जागेवरच कळतं.

पाटी कशी वापरायची

पाटी केली आणि नुसती वाटली तर लेकरं त्यावर ट्रॅक्टर काढतात. काढू द्या पाच मिनिटं. मग नियम लावा. प्रश्न एकदाच सांगायचा. पाटी छातीशी. "दाखवा" म्हटल्याशिवाय वर करायची नाही, म्हणजे बघून लिहिणं थांबतं. वर आल्यावर कोणाचंही नाव घेऊन "चूक" म्हणायचं नाही. मी म्हणतो, "मला इथे २५ दिसतात आणि ३५ पण दिसतात. ३५ कसे आले, कोण सांगतं?" सहा जण आहेत म्हटल्यावर एकट्याला लाज वाटत नाही.

त्या दिवशी आम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेतले. ५२ काड्या, म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात द्यायच्या तर एक गठ्ठा सोडावा लागतो, हे हाताने केलं. मग परत पाटी. तीन दिवसांनी ६१ वजा ३८ विचारलं. पाचवीतल्या त्या मुलीच्या पाटीवर आधी ३७ होतं. मी "दाखवा" म्हणायच्या आत तिने बाहीनेच पुसलं आणि २३ लिहिलं. वहीत तिने हे केलं नसतं. वहीत खोडलं की खोडल्याचं दिसतं, पान फाटतं, लाल शाई लागते. पाटीवरची चूक कोणाच्या नावावर राहत नाही.

पण हीच पाटीची मर्यादाही आहे, तीही सांगतो. पाटीवरचं काहीच उरत नाही. मागच्या महिन्यात काय चुकत होतं हे पाटी सांगणार नाही. म्हणून शोधायचं पाटीवर आणि ठेवायचं वहीत. पाटीवर जमलेलं गणित दिवसाच्या शेवटी एकदा वहीत उतरवायचं. परीक्षा कागदावरच असते, हात कागदाला सरावलेला पाहिजे.

जाता जाता एक. गल्लीतल्या काकूंनी, त्याच भिंतीवाल्या, मध्यंतरी माझा मोठा फळा मागून नेला. "आमच्या गटाच्या मीटिंगले दे ना बाप्पा." बचत गटाचा महिन्याचा हिशोब त्यांनी त्यावर सगळ्यांसमोर मांडला. कोणाची किती बचत, कोणाचं किती कर्ज, व्याज किती, हातात शिल्लक किती. रजिस्टर एकीच्या मांडीवर असतं, फळा दहा जणींच्या डोळ्यांसमोर. बेरीज एका ठिकाणी चुकली होती. ती चूक गटातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या मावशींनी पकडली. फळा अजून परत आलेला नाही. मी मागितलाही नाही, सनमायकाचा एक मोठा कटपीस शिल्लक आहे, दुसरा करतो.

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करा. एक कागद लॅमिनेट करून आणा, एक मार्कर घ्या आणि घरच्या लेकराला एक गणित तोंडी सांगा. उत्तर चुकलं तर रागावू नका, ते कसं आलं हे विचारा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.